म्हातारी नावाचं झाड

हेलिकॉप्टरचा आवाज आला की लोर्ना आजही मान खाली घालते. आता ते पूर्वीसारखं कुणाला धरायला येत नाही. बहुतेक वेळा खाली ईल नदीच्या वळणावर कुणाची तरी गाडी उलटलेली असते आणि ते जखमींना न्यायला आलेलं असतं. तरी तिची हनुवटी छातीला टेकते, हात एप्रनखाली जातात आणि आवाज डोंगरापलीकडे विरेपर्यंत ती तशीच उभी राहते. वरून बघणाऱ्याला हिरव्यात सगळ्यात आधी दिसतो माणसाचा चेहरा, मग हात. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही या डोंगरावरच जन्मलो.

त्या काळी गांजा उघड्यावर लावायची सोय नव्हती. लाल सालीच्या मॅन्झनिटाच्या जाळीत, ओकच्या सावलीत, एकेक झाड लपवायचं. सावलीतलं झाड उन्हाच्या शोधात नुसतं उंच जातं. खोड बोरूसारखं, आणि ऑक्टोबरात फुलांचे झुबके भरले की पहिल्या सरीत आडवं. आधार द्यायलाच हवा, पण बांबू ठोकला की वरून पोलिसांना दिसणार.

"जंगलात सरळ रेघ कधी बघितलीस का रे?" लोर्ना नव्या माणसाला विचारायची. आणि एप्रनच्या खिशातून हिरव्या नायलॉनची गळाची दोरी काढायची, मासे धरायची असते ती. खोडाला वेढा, शेजारच्या झुडपाला वेढा, बोटांची काहीतरी झटपट हालचाल, आणि दोरी गायब. झाड कशाच्या जोरावर उभं आहे ते हातभर अंतरावरूनही कळायचं नाही. तिच्यासारखी गाठ अख्ख्या डोंगरावर कुणाला येत नसे. ती गाठीकडे बघायचीही नाही. गप्पा मारता मारता बोटंच बांधून मोकळी व्हायची.

आल्डर हा तिचा एकुलता एक मुलगा. ओढ्याकाठच्या आल्डर झाडाखाली, तंबूत जन्मला म्हणून आल्डर. तो रांगायच्या आत त्याचा बाप दक्षिणेला गेला तो तिकडचाच झाला. शाळेत बाईंनी विचारलं, "तुझी आई काय करते?" तर आल्डर म्हणायचा, "मेणबत्त्या." त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याच बाकावर बसून मीही तेच सांगितलं. आमच्या शाळेतल्या सगळ्यांच्या आया मेणबत्त्या करायच्या. एवढ्या मेणबत्त्या पेटलेल्या मात्र गावात कुणी कधी बघितल्या नाहीत.

मग कॅलिफोर्नियात कायदा बदलला आणि झाडं सावलीतून उन्हात आली. उतारावर ओळीने, उजळ माथ्याने. ज्याच्या त्याच्या शेतात बांबूंचं रान आणि पांढऱ्या जाळ्या. आल्डरला दोन्ही नको होतं.

"बांबू लावला की झाड आळशी होतं," तो म्हणायचा. "त्याला कळतं, आपल्याला कुणीतरी धरलंय. मग ते कशाला खोड जाड करील?"

तो रोप लावायचा ते पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडून, म्हणजे पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. ओढ्याकाठी एक सांध्यासांध्यांची खरखरीत वनस्पती उगवते, तिला आम्ही घोडशेपटी म्हणतो. ती उकळून, गार करून, ते पाणी मुळाशी ओतायचा. किनाऱ्यावरून कालवांचे शिंपले आणून त्यांचा चुरा मातीत मिसळायचा. कोंबडखत मात्र जूननंतर बंद. "नाहीतर अंगात पाणी भरतं गं, हाडं भरत नाहीत." आणि रोज संध्याकाळी दोन्ही हात पसरून ओळीतून चालत जायचा, येताना जाताना प्रत्येक झाडाला हाताने हलवत, अगदी मुळापासून डोलेल असं. वारा रोज येतोच असं नाही. "वारा नाही आला तर मी आहे," म्हणायचा. ऑक्टोबरचा पाऊस लागला की टोपीसुद्धा न घालता त्याच ओळीत उभा राहायचा. जे झाड वाकलं त्याचं बी ठेवायचं नाही. अशी त्याने वर्षानुवर्षं झाडं निवडली.

आमच्या आणि लोर्नाच्या कुंपणाच्या मध्ये वेंडेलचं घर. तो लाकूडतोड्याचा मुलगा, स्वतःही लाकूडतोड्या, गुडघे दोन्ही गेलेले. डोंगरावरचं प्रत्येक खोड त्याला आपल्या बापाच्या मालकीचं वाटतं. एका संध्याकाळी तो लोर्नाच्या पायरीवर बसून त्या ओळीकडे बघत म्हणाला, "नाव काय ठेवलंस रे या बाईसाहेबांचं?"

"म्हातारी," आल्डर म्हणाला.

"म्हातारी? कोवळी पोर आहे ती!"

आल्डरने आईकडे नुसती मान वळवली. "वाकत नाही. कुणाचं ऐकत नाही. आणि आधार दिला तर चिडते."

लोर्नाने हातातला ओला टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला. त्याने तो तसाच डोक्याला गुंडाळला आणि रात्रीच्या जेवणाला टॉवेल घालूनच बसला. मी होते त्या जेवणाला. सोयाबीनचं काहीतरी होतं, बेचव, आणि आम्ही हसून हसून ठसका लागेपर्यंत खाल्लं.

मोठ्या वणव्याच्या वर्षी, सप्टेंबरात, आल्डर पाण्याचा ट्रक घेऊन वरच्या रस्त्याने निघाला होता. गावातली आम्ही सगळीच वेळ पडली की आग विझवायला जातो. धुरात त्याला रस्त्याची कड दिसली नाही; ट्रक त्याच्यासकट दरीत गेला. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि त्याची लाकडी खोली, बियांच्या बरण्या, उतारावरची अख्खी ओळ, सगळं गेलं. ती ओळ म्हणजे त्याच्या मते पक्की झालेली म्हातारी. इतकी वर्षं निवडून निवडून शेवटी हातात आलेली. तिने पाऊस बघितलाच नाही. ती खरंच उभी राहिली असती का, ते कुणालाच कधी कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुकानात कुणीतरी लोर्नाच्या पाठीमागे बोललं. वाईट मनाने नाही, हळहळूनच. "स्वप्नाळू होता बिचारा. आणखी दहा वर्षांनीसुद्धा बांबू लागलाच असता." लोर्नाच्या हातात घेवड्याची पिशवी होती. ती तिने नीट जागेवर ठेवली आणि काही न घेता घरी आली. त्या दुकानात ती पुन्हा गेली नाही. घेवडा मीच आणून देते.

नंतर भाव कोसळले, निम्मा डोंगर रिकामा झाला. लोर्ना आपली थोडीशी झाडं लावायची, स्वतःपुरती आणि वेंडेलच्या गुडघेदुखीपुरती. आल्डरचं नाव निघालं की चुलीत लाकूड सारायला उठायची. उन्हाळ्यातसुद्धा.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी तिने मला हाक मारली. "टॅन्सी! ए टॅन्सी! आहेस का घरात?" तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी चपला न घालताच पळाले.

स्वयंपाकघराच्या टेबलावर आल्डरचा लोकरी कोट पसरला होता; तिच्या घरी राहिला होता म्हणून वणव्यातून वाचलेला. इतक्या वर्षांनी तो कुणाला तरी देऊन टाकायचं तिने मनावर घेतलं होतं आणि शेवटचं म्हणून खिशात हात घातला होता. आतल्या खिशात, फाटलेल्या अस्तरात, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी होती. डबीत ठिपक्याठिपक्यांच्या, मुठीत लपतील एवढ्याच बिया.

"म्हातारीच्याच आहेत?" मी विचारलं.

"झाकणावर बघ."

झाकणावर त्याने खिळ्याने एक तोंड कोरलं होतं. ओठ घट्ट मिटलेले, भुवया चढलेल्या. हुबेहूब लोर्ना.

"जुनं झालंय गं बी," मी म्हटलं. "उगवेल का?"

"मी काय जुनी नाही?" ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली, आणि कोटात तोंड घालून रडली. वणव्यानंतर मी तिला रडताना प्रथमच बघत होते.

दोनच उगवल्या. बाकीच्या मातीत कुजल्या. खिडकीतल्या कमी उजेडात ती दोन रोपं लांबुडकी, फिकट झाली होती. लोर्नाने ती बाहेर नेऊन पहिल्या पानांपर्यंत गाडली, आणि मग आल्डरने केलं असतं ते सगळं केलं. घोडशेपटीच्या काढ्याने तिच्या स्वयंपाकघराला डबक्याचा वास यायला लागला. कालवं आणायला मला किनाऱ्यावर पिटाळलं. संध्याकाळी ती दोन्ही हात पसरून त्या दोन रोपांमधून जायची, परत यायची, पुन्हा जायची.

"ओळ कुठाय गं?" वेंडेल पायरीवरून ओरडायचा. "दोन झाडांत कसली फेरी मारतेस? चक्कर येऊन पडशील!"

"तू तुझे गुडघे सांभाळ."

"माझे गुडघे तुझ्या झाडावरच आहेत!"

जूनमध्ये डोंगरमाथ्यावरून दोन दिवस जोराचा वारा सुटला. झाडं तेव्हा गुडघ्याएवढी. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा लोर्ना एका झाडाशी वाकून बसली होती. माझी चाहूल लागताच तिने एप्रनच्या खिशात काहीतरी टाकलं.

"काय करतेस?"

"तण काढतेय," ती म्हणाली, आणि खोडाभोवती पेंढा सारखा केला.

मी पुढे विचारलं नाही. तण काढत असेल असंच वाटलं.

जुलैत कळलं की एक नर आहे आणि एक मादी. वेंडेलने टाळी वाजवली. "झालं! आता मादीच्या चार फांद्या छाटून पाण्यात घाल. मुळं फुटतील. एका म्हातारीच्या चार म्हाताऱ्या. उद्या काही झालं तर हाताशी असाव्यात."

"तिला कात्री लावायची नाही."

"अगं, सगळेच लावतात. झाडाला काय दुखतं?"

"युरेकाच्या इस्पितळात नेऊन त्यांनी त्याला कापलं, वेंडेल." लोर्ना झाडाकडेच बघत होती. "कशाने मेला ते बघायला. मला म्हणाले, कापावं लागेल, आणि मी हो म्हटलं. आता त्याच्या कशालाच कुणी काही लावायचं नाही."

वेंडेलने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. फांद्यांचा विषय तिथेच संपला. तेव्हापासून त्या एका झाडावर सगळं आलं. ते उभं राहिलं पाहिजे, बी पिकलं पाहिजे. बी पिकलं तर म्हातारी जगात राहील. आणि ऑक्टोबरच्या पावसात ते आपलं आपण उभं राहिलं, तर आल्डर स्वप्नाळू नव्हता.

आणि काय झाड झालं ते! ऑगस्टच्या शेवटी माझ्या डोक्याच्या वर हातभर. खोड मनगटाएवढं, शिरा उठलेलं. हवा खेळावी म्हणून लोर्नाने खालच्या कोवळ्या फुटी नखाने खुडल्या होत्या, पण तळाशी पेंढ्याचा ढीग इतका उंच रचला होता की गुडघ्याखालचं खोड दिसायचंच नाही. ओल टिकते, म्हणायची.

सप्टेंबरच्या सुरुवातीला नराचे परागकण चित्रांच्या कुंचल्याने तिने मादीच्या फुलांवर लावले. जीभ दाताखाली धरून, श्वास रोखून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कुंचला कुठे टेकतोय ते मी सांगत होते.

"डावीकडे. थोडं वर. आता बरोबर."

"म्हणजे आता आजी होणार तू," वेंडेल मागून म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. लोर्नाचा कुंचला क्षणभर थांबला.

"होईन की," ती म्हणाली. "तू खेळवायला ये."

नराचं काम झालं. तो सुकला, त्याला तिने तिथेच मातीत मिळवलं.

ऑक्टोबरात, बी अजून फिकट हिरवं असताना, समुद्राकडून वादळ येतंय अशी बातमी लागली. वेंडेल खांद्यावर बांबूंचा भारा घेऊन लंगडत आला.

"एका रात्रीपुरते. उद्या काढून टाकू."

"नको."

"कुणाला सांगणार नाही मी! टॅन्सी, तू सांगशील का?"

"नाही," मी म्हटलं. "लोर्ना, निदान वरून ताडपत्री तरी घालू या."

"त्याचं झाड आहे," ती म्हणाली. आवाज वर नव्हता गेला. "त्याने ताडपत्री घातली असती? बांबू लावला असता? मग आज लावून मी काय सिद्ध करणार? उभं राहील ते."

"आणि नाही राहिलं तर?"

"तर दुकानातले बरोबर होते."

वेंडेलने भारा तिच्या भिंतीला टेकवून ठेवला, मनात आलं तर असावा म्हणून. तिने तो उचलून कुंपणाबाहेर नेऊन ठेवला.

सकाळी पाऊस थांबला होता. दरीत धुकं भरलेलं, रेडवूडच्या फांद्यांवरून थेंब पडत होते. मी कुंपणापाशी पोचले तेव्हा वेंडेल आधीच आला होता आणि वर चढत नव्हता. नुसता उभा होता. त्याच्याकडे बघूनच मला कळलं.

ते वाकलं नव्हतं. वाकलेलं झाड कललेलं असतं, साल धरून असते, ते उचलून कामट्या बांधता येतात, जगतंही. हे गुडघ्याखाली, पेंढ्यातूनच खटकन तुटून उताराने पार खाली घरंगळलं होतं. फुलांचे झुबके चिखलात. खुंटावर सालीची एक पट्टीसुद्धा जोडलेली राहिली नव्हती.

लोर्ना झाडाच्या शेंड्याशी चिखलात बसली होती. रात्रीच्या गाऊनवर रेनकोट. तिने एक बी काढून दोन बोटांत दाबलं. बारीकसं पांढरं दूध आलं. दुसरं दाबलं. तेही तसंच. ती एकेक दाबत होती.

"पुरे गं," मी तिचा हात धरला. "पुरे. थोडी तरी राहू दे, सुकवून बघू."

"बढाया मारत होता," ती म्हणाली.

"कोण?"

"माझा मुलगा. म्हणायचा वाकत नाही, आधार लागत नाही. एका पावसात काडीसारखं मोडलं, टॅन्सी. शेतातली माझी इतर झाडं बघ. साधी, कुठल्या तरी बियांची. ती उभी आहेत." ती शांतपणे बोलत होती, तेच भयंकर होतं. "मी एवढी वर्षं लोकांवर राग धरला. लोक खरंच बोलत होते."

"असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? हे समोर पडलंय ना?"

वेंडेल तेवढ्यात खुंटापाशी गेला होता. मोडलेलं लाकूड दिसलं की तो हात लावल्याशिवाय राहत नाही. आयुष्यभर तेच केलंय त्याने. त्याने पेंढा बाजूला सारला, अंगठा तुटलेल्या कडेवरून फिरवला, आणि थांबला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी जवळ गेले.

खोडाभोवती, लाकडात रुतलेली, एक हिरवी दोरी होती. खोडाने वाढता वाढता तिच्यावर दोन्हीकडून ओठ मिटले होते. आत मात्र करवत चालवावी तसा सगळीकडून काप गेला होता. मधोमध बोटाएवढं लाकूड तेवढं धड राहिलं होतं. एवढ्याशा लाकडावर ते प्रचंड झाड उन्हाळा काढून, वादळाची जवळजवळ सगळी रात्र उभं होतं.

वेंडेलने चाकू काढला, दोरी एका झटक्यात तोडून ओढली आणि खिशात टाकली. डोळ्यांनी मला सांगितलं, गप्प. गप्प राहिलं तर तिचा मुलगा खोटा ठरत होता, सांगितलं तर दोष तिच्यावरच येत होता.

"वेंडेल," लोर्ना मागे न बघता म्हणाली, "खिशात काय टाकलंस?"

"काही नाही. रुमाल."

"तुझ्याकडे रुमाल कधी होता?"

"लोर्ना, थंडी वाजेल तुला. आत चल, कॉफी करतो."

ती उठली. गुडघ्यांना चिखल, हाताला चिखल. त्याच्यासमोर येऊन तिने हात पुढे केला, लहान मुलाकडून काडेपेटी काढून घ्यावी तसा. "दे."

"अगं..."

"दे म्हणते ना."

त्याने दिली. तिला नीट दिसत नव्हतं. तिने बोटांनी चाचपली. बोटं दोरीवरून सरकत गाठीपाशी आली आणि तिथे थांबली. ती गाठ तिला बघायची गरज नव्हती.

धुक्यातून खाली कुठेतरी ट्रक गेला.

"जूनमधला वारा," शेवटी ती म्हणाली. "मला झोपच येईना. वाटलं, दोन दिवस. नुसते दोन दिवस. दोन ठिकाणी बांधली होती. लाज वाटली म्हणून तुला सांगितलं नाही गं टॅन्सी, तण म्हणाले. नंतर सोडवली मी. वरची सोडवली. खालचीही सोडवली, असंच मला..." तिने पेंढ्याकडे बघितलं. "मला दिसलीच नाही."

"कुणालाच दिसली नसती," वेंडेल म्हणाला. "तू बांधलेली कधी कुणाला दिसलीय? हेलिकॉप्टरला नाही दिसली."

"पिवळी सुतळी बांधली असती तर दिसली असती."

डोंगरावरच्या कालच्या पोरांनीही पिवळी सुतळी बांधली असती, किंवा जुनी कापडी पट्टी. कायदा बदलला, झाडं उन्हात आली, पण तिच्या बोटांना कुणी ते सांगितलं नव्हतं.

मग ती खुंटाकडे वळली. वाकून दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. सगळा जोर लावून, इकडे, तिकडे. तो हलला नाही. पडलेल्या झाडाचं तुटलेलं टोक तिने मला ओढून जवळ आणायला लावलं आणि त्याच्या बुंध्याभोवती बोटं फिरवली. तिची बोटं एकमेकांना पोचत नव्हती.

"म्हणजे झाड चांगलं होतं," ती म्हणाली.

ती वेंडेलकडे वळली.

"चांगलं होतं ना वेंडेल? तुला कळतं लाकडातलं. खरं सांग. माझ्यासाठी नको सांगू."

वेंडेलने नाक पुसलं. "माझ्या उभ्या जन्मात असं खोड बघितलं नाही. दोरी नसती तर याला वादळ काय, मी कुऱ्हाड घेऊन आलो असतो तरी घाम फुटला असता."

"मग तो खरं बोलत होता." तिने मान हलवली, पुन्हा हलवली. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं; मी त्याला आनंद म्हणणार नाही, पण त्या चेहऱ्यावर ते आलं. आम्ही दोघांनी धरून तिला घरात आणलं. वाटेत ती एकच वाक्य बोलत होती. "तो सांगत होता. आधार देऊ नको, तो सांगत होता."

आम्ही धडपड केली. मुळं लवकर फुटावीत म्हणून मी विलोच्या कोवळ्या काड्या भिजवून त्या पाण्यात म्हातारीचे लहान लहान शेंडे लावले; यावेळी कात्री लावायला लोर्नानेच सांगितलं. पण फुलावर आलेल्या झाडाच्या फांदीला मुळं सहसा फुटत नाहीत. नोव्हेंबरअखेरच्या सणाचं टर्कीचं जेवण आलं तोवर सगळे शेंडे बुरशीने काळे झाले होते. उरलेलं झाड आम्ही शेडमध्ये उलटं टांगलं. बी सुरकुतलं, हलकं झालं. या मार्चमध्ये लोर्नाने ते सगळं पेरलं, एकही न ठेवता. खिडकीत रोज पाणी शिंपडत होती. काही उगवलं नाही. डबी धुऊन, पुसून तिने कोटाच्या त्याच खिशात ठेवली. कोट कुणाला दिला नाही.

गळाच्या दोरीचं रीळ वेंडेलकडे गेलं. "घे," ती म्हणाली. "मासे धर."

"मला मासे आवडत नाहीत."

"मग धरून सोडून दे."

परवा तो कुदळ घेऊन आला. नवी रोपं लावायची वेळ झाली होती आणि तो खुंट अजून तिथेच, वाळून राखाडी झालेला, टोकावर दोरीच्या कापाची गोल खाच.

"उपटू का गं? जागा मोकळी होईल."

लोर्ना पायरीवर बसून घेवडा निवडत होती. "उपटून बघ."

त्याने कुदळ ठेवली आणि बुटाने ढकललं. मग गुडघ्यांचा विचार न करता दोन्ही हातांनी धरून ओढलं. मग सरळ उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत.

"हलत नाही."

"नाही हलणार," ती म्हणाली, आणि घेवड्यातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "आता कुणी धरलेलं नाहीये ना त्याला."